तांबडीच्या गळ्यातले दोरे

ता. ६ ऑगस्ट

चि. सूनबाई हिस,
अ. उ. आशीर्वाद.

सवयीने 'चि. सौ.' लिहून गेलो आणि मग सौ. खोडलं. खोडलेलं दिसतंय, पण दुसरा कागद घेतला असता तरी हात पुन्हा तिकडेच गेला असता, म्हणून राहू दिलं. रागावू नकोस.

तू शेजारच्या इस्त्रीवालीच्या फोनवर फोन केला होतास असं तिने मला खुणांनी सांगितलं. एक हात कानाला, दुसऱ्या हाताने पाठीवर लांब वेणी दाखवली, तेव्हा कळलं की सूनबाई. माझे कान म्हणजे आता कोटाचे खोटे खिसे झालेत, वर झडप आहे, आत काही जात नाही. तेव्हा जे काय असेल ते पत्रानेच लिहीत जा. अक्षर मोठं काढ.

माझी तब्येत ठीक. तुझ्या कोंबड्यांची मात्र ठीक नाही, त्यासाठीच हे लिहायला बसलो. मास्तरीण दोन-तीन दिवस दाण्याजवळ येते, चोच मारते आणि दाणा टाकून देते. मान झटकते. चोचीतून लाळेची तार लोंबत असते. इतर दोघींवर डोळे वटारणं बंद आहे, त्यावरून तू समज. तांबडीचं उलटं आहे. ती खाते, पण तिच्या गळ्याखाली छातीशी एक फुगवटा आला आहे. सदऱ्याच्या वरच्या खिशात कुणी चेंडू ठेवावा तसा. पाहुणी ठणठणीत आहे, पण तिचा भरवसा काय, ती आल्यापासूनच वेगळी राहते.

इस्त्रीवाली म्हणते की दोघींना पाहुण्यांच्या जेवणात घालून मोकळं व्हावं. मी कानावर हात ठेवले. बहिऱ्याने कानावर हात ठेवले की माणसं हसतात, हा एक फायदा.

या कोंबड्या तू आणल्यास, मला त्यांतलं काही कळत नाही. काय करावं ते लिही. जेवतेस ना वेळेवर? वसतिगृहाचं जेवण कसं असतं ते मला माहीत आहे, मीही उमेदवारीत खाल्लं आहे.

कळावे. लोभ आहेच, तो असाच वापरात ठेव.
तुझा सासरा

---

ता. ११ ऑगस्ट

ती. बाबांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर आलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ते स्वतः माझ्या हातात दिलं आणि पाकिटावरचं अक्षर किती सुरेख आहे म्हणाल्या. मी म्हटलं, शिंप्याचं आहे, ओळ वाकडी जायची नाही.

आता कोंबड्यांचं. आईकडे पाहिलेलं जेवढं आठवतं तेवढं लिहिते. कोंबडी दिवसभर खाते ते आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं आणि रात्रभरात हळूहळू खाली उतरतं. म्हणून संध्याकाळी फुगवटा दिसला तर घाबरायचं कारण नाही. बघायचं ते सकाळी, दाणे टाकायच्या आधी. तांबडीला काखेत धरा आणि बोटांनी चाचपा. पिशवी रिकामी, सपाट लागली तर काही झालेलं नाही. कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर आत काहीतरी अडकलं आहे. पाण्याच्या पिशवीसारखी डुचमळली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर आतलं अन्न आंबलं आहे. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी नीट बघा. आणि बाबा, काही झालं तरी तिला उलटी धरून पिळू नका. आमच्या गल्लीत एकाने तसं केलं होतं, आतलं पाणी श्वासात गेलं आणि कोंबडी त्याच्या हातातच मेली.

मास्तरणीचं तोंड उघडून बघावं लागेल. पार्सलात लांब दांडीचा छोटा आरसा आणि एक बोथट चिमटा आहे. आमच्याकडे जुने म्हणून काढले होते, मी बाईंना विचारून घेतले. उजेडात बसा, इस्त्रीवाल्या मावशींना कोंबडी धरायला सांगा. घशात पिवळट पांढरे, पनीरच्या चुऱ्यासारखे डाग दिसले तर ते ओरबाडू नका, रक्त येतं. तो कबुतरांकडून येणारा रोग असतो, त्याला गुरांच्या डॉक्टरचं औषध लागतं आणि पाण्याचं भांडं वेगळं करावं लागतं. डाग नसतील तर जिभेखाली बघा.

इथे दिवसभर माणसं तोंड उघडून माझ्यासमोर पडलेली असतात आणि कुणाला बोलता येत नाही. डोळ्यांनी बोलतात. मला ते बरं वाटतं. घरी आले की खोलीतल्या दोघी मुली बोलतच असतात आणि मला उत्तरं द्यावी लागतात.

कपाटातले त्याचे कपडे दिलेत का? मी निघताना सांगितलं होतं, पुन्हा लिहिते. कुणालाही द्या. तसेच ठेवून काय करायचं आहे? वाळवी लागेल.

आपल्या प्रकृतीला जपावे. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.
आपली सून

---

ता. १७ ऑगस्ट

चि. सूनबाई हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पार्सल पोचलं. आरसा फार गोड आहे. मी आधी त्याने माझ्याच तोंडात बघितलं, न बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तू सांगितलंस तसं केलं. इस्त्रीवालीने मास्तरणीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं. कपडे घडी करायचे हात आहेत तिचे, एक पीस हललं नाही. मी चोच उघडली. पिवळा डाग कुठेच नव्हता. पण जीभ सुजून जांभळट झाली होती, आणि तिच्या बुडाशी काहीतरी रुतल्यासारखी रेघ दिसली. चष्मा पुसला, आरसा खाली घातला, तेव्हा कळलं की दोरा आहे. जिभेला वेढा पडलेला आणि दोन्ही टोकं घशात गेलेली. ती गिळायला जायची, दोरा ओढला जायचा, वेढा आवळायचा.

एक टोक धरून जरासं ओढलं तर तिचं सगळं अंग ताठ झालं. मी सोडून दिलं. मग माझी दोरे तोडायची छोटी कात्री आणली, तिचं टोक आरशाच्या दांडीवर टेकवून वेढ्याखाली सरकवलं आणि एका टाक्यासारखा तो वेढा तोडला. आयुष्यभर जे केलं तेच, फक्त कापड जिवंत होतं. घशात गेलेली टोकं तशीच आत राहिली. संध्याकाळी ती पाणी प्यायली.

तांबडीचं सांगतो. सकाळी चाचपली तर पिशवी भरलेलीच होती. घट्ट, मध्येच गाठी. सुया टोचायची उशी असते ना आमची, तशी लागली. वास नाही.

दोरा कुठून आला ते सांगता येत नाही. वाऱ्याने काय काय येतं.

कपाटाचं काम चालू आहे. होईल.

त्याच्या वर्षाच्या दिवसाला येशील ना? मोठं काही करायचं नाही. तू, मी, भात आणि आमटी. लवकर कळव म्हणजे तुझी खोली झाडून ठेवतो.

बाकी सर्व क्षेम. आठवण येते, तिला पत्ता विचारावा लागत नाही.
तुझा सासरा

---

ता. २२ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी दवाखान्यातल्या स्टुलावर बसूनच राहिले. ओढलं नाहीत हे फार बरं केलंत. दोरा आत आतड्यापर्यंत गेलेला असला तर ओढल्याने आतून चिरतं. मास्तरणीला आता फक्त भिजवून मऊ केलेलं, खोलगट भांड्यात द्या. जिभेचा रंग रोज बघा. टोक काळं पडलं तर ते गळून पडेल, त्याला इलाज नाही. तशी कोंबडी जगते, पण तिला दाणा उचलता येत नाही.

तांबडीला दाणे बंद करा, पाणी चालू ठेवा. थोडंसं तेल चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडा, घशात ओतू नका. मग पिशवी बोटांनी हलके चोळा, दिवसातून चार-पाच वेळा. उद्या-परवा मऊ झाली तर सुटली. नाही झाली तर गुरांच्या डॉक्टरकडे न्या. लाजू नका, कोंबडी घेऊन आलात म्हणून ते हसतील, हसू द्या. आत दोरेच असतील तर तेलाने आणि चोळण्याने काही होणार नाही, कापूनच काढावे लागतील.

पण बाबा, दोरे कुठले? डोळ्यांमुळे शिवणकाम सोडून तुम्हाला किती काळ झाला. मशीन तर आपण शिवणाच्या वर्गाला दिलं. अंगण नीट झाडा आणि दोरे कुठून येतात ते शोधा, नाहीतर पाहुणीही जाईल.

वर्षाच्या दिवसाला मला सुट्टी नाही. मागितली होती. त्या दिवशी बाईंच्या खूप भेटी ठरल्या आहेत.

हे खोटं आहे. मी मागितली नव्हती. वरची ओळ खोडली तर तुम्हाला खोडलेलं दिसेल, म्हणून दोन्ही राहू देते. मला त्या घराच्या दारातून आत येववत नाही, बाबा. पायरीवर त्याच्या चपलांची जागा दिसते.

कमीजास्त लिहिलं असल्यास पोटात घालावे. पाठीशी आहातच.
आपली सून

---

ता. २९ ऑगस्ट

चि. सूनबाई हिस,
अ. उ. आशीर्वाद.

नाही आलीस तरी मी काही म्हणणार नाही. तो दिवस कालच गेला. मी भात लावला होता, तो करपला. बहिऱ्याला कुकरची शिट्टी कळत नाही, ते त्याचं काम होतं. आतल्या खोलीतून तो बोटं वर करून मला आकडा दाखवायचा.

तांबडीला डॉक्टरकडे नेली. दोन म्हशी आणि एका कुत्र्याच्या मागे बसलो होतो, कुणी हसलं नाही. डॉक्टर तरुण आहे. त्याने बधिर करायची सुई दिली, छातीवरची पिसं उपटली आणि कापलं. मी पाय धरून उभा होतो. आतून जो गोळा निघाला तो लिंबाएवढा होता. गवताच्या काड्या, आणि काड्यांभोवती दोरे. पांढरे, करडे, काळे, निळे. डॉक्टरने तो पाण्याखाली धुऊन कागदावर ठेवला आणि मला विचारलं, काय विचारलं ते त्याच्या ओठांवरून कळलं, घरात कुणी शिंपी आहे का. मी स्वतःकडे बोट केलं.

मग त्याने शिवलं. आधी आतलं अस्तर, मग वरचं कापड, दोन वेगळ्या शिवणी. टाके जरा लांब लांब होते, पण मी बोललो नाही. गोळा पुडीत बांधून त्याने माझ्या हातात दिला.

तुला विचारायची वेळ येऊ नये म्हणून सांगतो. दोरे त्याच्या कपड्यांचे आहेत.

तू म्हणालीस कपडे देऊन टाका. मी दोनदा गाठोडं बांधून कोपऱ्यापर्यंत गेलो. मग मनात आलं, उद्या रस्त्यात कुणी पाठमोरा दिसेल. त्याच्या अंगाला बाजारचा शर्ट कधी लागला नाही. बारशापासून सगळं मीच शिवलं. त्याचा उजवा खांदा अर्धा इंच उतरता होता, म्हणून मी शिवणही तशीच उतरती धरायचो. ती शिवण मी लांबूनही ओळखीन. आणि मी हाक मारीन. मला माझी हाक ऐकू येणार नाही, पण तो माणूस वळेल, आणि तोंड दुसऱ्याचंच असेल. तेवढं मला सोसवणार नव्हतं.

म्हणून मी ते उसवले. शिवण सुटली की शर्ट राहत नाही, कापड राहतं. आत दिसत नाही, म्हणून अंगणातल्या ओट्यावर उजेडाला बसायचो. दोरे खिशात घालायचो, काही पडत असतील. कोंबड्यांना ते किडे वाटले असणार. माझ्या ध्यानात आलं नाही. मास्तरणीच्या तोंडात दोरा पाहिला तेव्हाच आलं होतं, पण तुला लिहिताना वाऱ्यावर ढकललं.

कापडाचे तुकडे पुलाजवळच्या छापखान्यात दिले. त्यांना यंत्र पुसायला सुती कापड लागतं. शाईत गेलं की ओळखू येत नाही, म्हणून तिथे दिलं. अपघातानंतर इस्पितळाने दिलेला तेवढा एक शर्ट उसवला नाही. त्यात उसवायला काही राहिलंच नव्हतं. त्यांनी शिवण बघितली नाही, भलतीकडून कात्री चालवली होती. तो मी तेव्हाच जाळला.

तांबडी बसून आहे. अजून खात नाही.

काय लिहून संपवावं ते सुचत नाही. संभाळून राहा.
तुझा सासरा

---

ता. ६ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र आल्यापासून तीनदा लिहायला घेतलं आणि टाकलं. आज पाठवते, जसं झालं तसं.

तुम्ही लिहिलंत ते मला समजलं. शब्द न् शब्द समजला. तरीही मला तुमचा राग आला आहे, आणि तो मी गिळला तर माझ्याही गळ्यात गोळा होईल.

मी कपडे द्या म्हणाले, कारण माझी खात्री होती की तुम्ही देणार नाही. बापाच्या हातून ते व्हायचं नाही, कपाट तसंच राहील, आणि मला मात्र शहाण्यासारखं बोलल्याचं समाधान मिळेल. मला ते घर सोडता आलं, कारण ते कपाट तिथे होतं. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. बाबा, मी त्याची बायको होते.

निळ्या चौकटींचा एक शर्ट होता. कॉलर विरलेली, कोपराशी फाटलेला. त्याने घालायचं सोडलं तेव्हा मी तो खुराडं साफ करताना घालायला घेतला. बाह्या चार वेळा दुमडायचे. कोंबड्या मला ओळखायच्या त्या त्या शर्टावरून, साडी नेसून गेले तर मास्तरीण चोच मारायची. तो सरतेशेवटी त्याचा कमी आणि माझाच जास्त होता. येताना मी तो मुद्दाम आणला नाही. वसतिगृहाच्या खुंटीवर तो टांगायचा नव्हता मला. तो तिथेच असायला हवा होता.

गोळ्यात निळे दोरे होते असं लिहिलंत. तो गोळा टाकू नका. मला वेड लागलं आहे असं वाटेल तुम्हाला, वाटू द्या. पुडीसकट कुठेतरी ठेवा.

तांबडी खात नसेल तर पुन्हा डॉक्टरला दाखवा. दोरा पिशवीच्या खालीही गेलेला असू शकतो.

आपली
सून

---

ता. १० सप्टेंबर

चि. सूनबाई हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. तांबडी त्याच्या आधीच गेली. डॉक्टरला परत दाखवली होती. तू म्हणालीस तेच तो म्हणाला, दोरा खाली आतड्यात गेला होता, तिथे त्याची सुई पोचत नाही. ती माझ्या जुन्या कोटाच्या घडीवर बसली होती. मान आत घेतली आणि परत बाहेर काढली नाही.

अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात पुरली. गोळा तिच्याबरोबरच पुरला. मला वाटलं, तो तिचाच. तू मागशील असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुझं पत्र वाचून मी कुदळ घेऊन तिथे जाऊन उभा राहिलो. मग कुदळ परत ठेवली. मेलेल्याला उकरून काढायचं आणि त्याच्याकडून काहीतरी घ्यायचं, हे माझ्याने झालं नाही. मला क्षमा कर किंवा करू नको.

आणखी एक सांगायलाच हवं. निळा चौकटीचा मी सगळ्यात आधी उसवला. सगळ्यात जुना होता, शिवण सैल झाली होती, डोळ्यांना सोपा पडेल म्हणून. बाह्यांना दुमडीच्या चार घड्या पडलेल्या दिसल्या. त्या तुझ्या आहेत हे मला माहीत होतं. रोज सकाळी तुला त्यात बघत होतो. त्या दिवशी हातात घेतला तेव्हा मला फक्त त्याचा खांदा दिसला, तुझ्या बाह्या दिसल्या नाहीत. दुःखात माणूस एवढंच बघतो. मी तरी तेवढंच बघितलं.

तसं कापड मिळतं. माप माझ्या बोटांत आहे. म्हणशील तर वर्गातलं मशीन दोन दिवस मागून आणतो आणि शिवतो. नाही म्हणालीस तर समजेन.

तुझा
सासरा

---

ता. २७ सप्टेंबर

चि. सूनबाई हिस,
आशीर्वाद.

पत्र नाही. शिवू नका असाच त्याचा अर्थ मी घेतला, आणि तो बरोबर आहे. नवा शर्ट तो नवा शर्ट.

मास्तरणीच्या जिभेचं टोक काळं पडून गळालं, तू लिहिलं होतंस तसं. सपाट ताटलीतलं तिला घेता येत नाही. मी दाढीचा जुना मग घेतला, त्यात भात आणि कोंडा पाण्यात कालवून भरतो. ती अख्खी चोच आत बुडवते आणि मान वर करून घशात ढकलते. अर्धं अंगावर सांडतं. छाती रोज पुसावी लागते, नाहीतर पिसं आंबतात. पाहुणी तिला टोचायला लागली, म्हणून ती मी इस्त्रीवालीला दिली. पाळायला. तसं वचन घेतलं आहे, बघू.

ओट्याजवळची वीतभर माती काढून चाळली. चाळणीत दोरे येतात अजून.

लिहिलंस तर बरं वाटेल. न लिहिलंस तर तू कामात आहेस असं समजेन.

तुझा सासरा

---

ता. १४ ऑक्टोबर

ती. बाबांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. मी अशी न कळवता रविवारी दारात उभी राहिले, तेव्हा तुम्ही चाळणी हातात घेऊन बसला होतात आणि तुम्हाला माझी चाहूल लागली नाही. मी बराच वेळ तुमची पाठ बघत होते, बाबा. तुमचाही उजवा खांदा उतरता आहे. हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

तिथे असताना जे बोलायचं होतं ते राहून गेलं. तुम्हाला ऐकू जावं म्हणून ओरडावं लागतं, आणि काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. मी भाताला मीठ आहे का एवढं विचारलं तरी समोरच्या गच्चीतून माणसं डोकावली. म्हणून आता लिहिते.

मास्तरणीला तुम्ही छान सांभाळलं आहे. तिने मला ओळखलं नाही. दोनदा बाजूने गेली आणि तुमच्या मगाकडे बघत राहिली. मला वाईट वाटलं, पण ते योग्यच आहे.

तुम्ही दुपारी पडलात तेव्हा मी बाहेर जाऊन आले. साबण आणायला गेले म्हणाले, साबण आणलाही. पण आधी पुलाजवळ गेले होते. रविवार असूनही छापखाना उघडा होता, आत एकटाच माणूस काम करत होता. यंत्राच्या दांड्यावर चिंध्या टांगल्या होत्या, सगळ्या काळ्या. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, ओळखू येत नाहीत. पण एका चिंधीचा कोपरा शाईतून सुटला होता. निळ्या चौकटी, बोटभर. मी बघत असतानाच त्या माणसाने ती काढली आणि हात पुसता पुसता काय हवं म्हणून मला विचारलं.

मागितली असती तर त्याने दिली असती. चिंधीच तर होती. पण त्याचे हात पुसून होत आले होते, आणि मला एकदम कळेना की ती घेऊन मी कुठे जाणार, कुठे ठेवणार. मी पावतीपुस्तकं छापून द्यायचा दर विचारला. त्याने सांगितला. मी बरं म्हटलं आणि बाहेर आले. पुलावर थोडी रडले. मग साबण घेतला.

राग संपला आहे असं म्हणत नाही. पण आता तो दोरा जिभेला आवळलेला नाही, एवढं म्हणते.

आता दुसरी गोष्ट. बाईंनी मला कायम केलं आहे. मी परत राहायला येणार नाही, बाबा. वसतिगृह सोडून एक खोली बघितली आहे, दुसऱ्या मजल्यावर, पुढे छोटी गॅलरी. तुम्ही माझ्याकडे या. जिना आहे, पण कठडा धरून चढता येईल. मास्तरणीला गॅलरीत ठेवता येईल का ते घरमालकाला विचारते. तुम्ही एकटे आहात हे रोज संध्याकाळी आठवतं.

सावकाश विचार करून कळवावे. हट्ट नाही, इच्छा आहे.
आपली सून

---

ता. २१ ऑक्टोबर

चि. सूनबाई हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. कायम झालीस हे वाचून डॉक्टरीणबाईंना मनातल्या मनात नमस्कार केला.

मी येणार नाही. आत्ता नाही. तुझ्या खोलीत मी आलो की तुला रोज ओरडावं लागेल. दिवसभर तुझ्यासमोर माणसं गप्प पडलेली असतात आणि तुला ते बरं वाटतं असं तूच लिहिलं होतंस. ते मी मोडणार नाही. इथे इस्त्रीवाली आहे, तिला खुणा येतात. मास्तरणीलाही गॅलरी मानवायची नाही, ती मातीत अंग घोळल्याशिवाय झोपत नाही. ती आहे तोवर तरी विचारू नकोस. नंतरचं नंतर.

ती आता बरी आहे. वजन धरलं आहे. सकाळी पिशवी चाचपतो, रोज सपाट लागते. म्हणजे तुला विचारण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. तरी तू लिहीत जा.

तुझं पत्र वाचून काल मी छापखान्यात गेलो होतो. तू मागितली नाहीस, मी मागावी असं ठरवून गेलो. दांड्यावर दुसऱ्याच चिंध्या होत्या, कुठल्या तरी चादरीच्या. जुन्या जाळून टाकतात म्हणे, शाई लवकर पेट घेते. त्या माणसाने मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं. मग तोंड जवळ आणून सावकाश विचारलं, त्यामुळे शब्द न् शब्द कळला. आणखी आहेत का म्हणाला. कापड चांगलं होतं, शाई लगेच ओढून घ्यायचं.

मी म्हटलं, नाहीत. तेवढेच होते.

थंडी पडायला लागली आहे, पांघरूण जाड घे. पत्र पोचल्याचं कळव, माया आहेच.
तुझा सासरा